जलरंगातली म्हैस

२४ नोव्हेंबर १९९६, रविवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. कलावंताने खरं बोलावं ते स्वतःशीच. बाकीच्यांची तेवढी तयारी नसते.

निमित्त मोठं आहे. सकाळी सरलाबाई आल्या होत्या. आमच्या सुरतेतल्या लिंबायतच्या मराठी शाळेत त्या शिकवतात, एप्रिलअखेर रिटायर होणार. शाळेत पोरं दरवर्षी कमी होतायत. खानदेशातून आलेला प्रत्येक जण पोरांना गुजराती मीडियमला घालतो. (आम्हीही आमच्या मुलीला, हर्षदाला, तिथेच घातलंय. बाईंनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.) जाता जाता पोरांच्या हातात एक मराठी चित्रांचं पुस्तक द्यायचं, असं बाईंच्या मनात आहे. गोष्ट त्यांनीच लिहिलीय. चित्रं मी काढावीत म्हणतात.

गोष्ट वाचली. भर रस्त्यात म्हैस बसते. रिक्षावाला भोंगा वाजवतो, पोलीस शिट्टी मारतो, रसवाला ऊस दाखवतो. म्हैस उठत नाही. शेवटी कळतं की तिच्या खाली गटाराला झाकणच नाही आणि पोरं पडू नयेत म्हणून ती बसून राहिलीय. संपली गोष्ट. नाव 'म्हैस उठेना'. प्लॉट नाही, हीरो नाही, हिरोईन म्हणायची तर ती रवंथ करते.

बाई म्हणाल्या, "सुकदेवभाऊ, गणपतीत तुम्ही फळ्यावर खडूने मोर काढला होता. तसली रेघ हवी."

रेघ! रेघ काय, कारकूनही ओढतो. मी सांगून टाकलं, चित्रं जलरंगात होतील. बाई म्हणाल्या, पोरांना साधंच चालतं. मी हसलो. साधं चालवून घेतल्यामुळेच या देशातली बालचित्रकला तळाला गेली आहे. ती वर काढायची म्हणजे कोणाला तरी सुरुवात करावी लागणार.

संकल्प : बारा पानं, जानेवारीअखेर तयार.

२५ नोव्हेंबर

मिल. आमच्या पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाउसमध्ये मी डिझायनर आहे. साडीचा बुट्टा, बॉर्डर, पल्लू. पोस्टर कलरने सपाट रंग भरायचा आणि तोच बुट्टा सहावारभर पुन्हा पुन्हा. याला आमच्याकडे क्रिएटिव्ह काम म्हणतात.

शेठने कॉम्प्युटर आणला आहे. त्याच्याबरोबर चेतन नावाचा एक मुलगाही आला आहे, मुंबईहून कोर्स करून. मूळचा पारोळ्याचा, मला 'काका' म्हणतो. माऊस फिरवला की रंग भरतो आणि बटण दाबलं की बुट्ट्याचे शंभर बुट्टे होतात. मला दाखवत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. उंदीर धरून कोणी चित्रकार होत नाही. फार तर मांजर होतो.

१ डिसेंबर, रविवार

भागळच्या बाजारात जाऊन जलरंगाच्या ट्यूब, हातकागद आणि खारीच्या केसांचा ब्रश आणला. दुकानदाराने विचारलं, "छोकरा माटे छे?" मी म्हटलं, पोरासाठी नाही, कलेसाठी आहे. त्याने मग खोडरबर फुकट दिलं.

८ डिसेंबर, रविवार

दुपारी बसलो. बाराही पानांचं पेन्सिलचं ट्रेसिंग बटर पेपरवर एका बैठकीत झालं. म्हैस, रिक्षा, पोलिसाचं पोट, सगळं. यात सांगण्यासारखं काही नाही, हातवळणीचं काम.

रंगाला हात लावणार होतो, पण उजेड उतरला होता. जलरंगाला सकाळचा उजेड लागतो.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळचा उजेड होता. पण पाणी क्लोरीनचं. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर महापालिकेने शहर इतकं स्वच्छ करून ठेवलंय की पाण्यात जीवच उरलेला नाही.

तरी बसलो. म्हशीवर काळ्या रंगाचा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, दिला. कागद पापडासारखा फुगला. एका बाजूला पाणी साचून तळं झालं, दुसरीकडे कोरडं राहिलं. तळ्यातला रंग टिपायला गेलो तर कागदाचा लगदा बोटाला आला. मग अजून काळा दिला. मग अजून.

तारा भाकरी थापता थापता येऊन उभी राहिली. म्हणाली, "हाई काय शे? डांबर सांडनं का?"

माझी बायको साड्यांवर टिकल्या चिकटवते. घरबसल्या काम, टेक्स्टाइल मार्केटचा एक व्यापारी गठ्ठे पाठवतो. ज्या माणसाचा दिवस टिकलीत जातो, त्याच्याकडून मी टोन समजण्याची अपेक्षा करत नाही. शांतपणे म्हटलं, म्हैस आहे. ती म्हणाली, "मंग शेपूट कथी गई?"

शेपूट मुद्दाम सुचवून सोडली आहे.

२२ डिसेंबर

वाचनालयातून जलरंगावरचं एक पुस्तक आणलं. लेखक म्हणतो, जलरंगात पांढरा रंग नसतो, पांढरं हवं तिथे कागद सोडायचा. म्हणजे काम अर्धवट ठेवायचं आणि त्याला टेक्निक म्हणायचं! उद्या मी बिनबुट्ट्याचा पल्लू नेऊन दिला आणि शेठला म्हटलं की इथे कापड सोडलंय, तर?

पुढे म्हणतो, काळा रंग वापरू नका, निळा आणि तपकिरी मिसळून काळा करा. या माणसाने आयुष्यात म्हैस पाहिलेली नाही.

पुस्तक परत केलं.

२९ डिसेंबर, रविवार

अडचण सापडली. रंग, कागद, पाणी हे सगळं दुय्यम आहे. प्रत्यक्ष मॉडेल हवं.

सकाळीच सायकलने भेस्तानच्या पुढे एका तबेल्यावर गेलो. हर्षदा मागे लागली म्हणून तिलाही घेतली. ती तिसरीत आहे. वाटेत सगळ्या पाट्या गुजरातीत मोठ्याने वाचत होती.

तबेलेवाला भरवाड खाटेवर बसून दात घासत होता. मी फळी लावून बसलो. एक उत्तम म्हैस निवडली, पाठीला डौल असलेली. जेमतेम पहिला वॉश दिला असेल, तेवढ्यात म्हशीने मान लांब करून रंगाचं पाणी पिऊन टाकलं. मी ओरडलो. मग तिने चित्र खाल्लं. सावकाश, कोपऱ्यापासून. भरवाड खाटेवरून म्हणाला, "कागळ भावे छे एने."

हर्षदा इतकी हसली की तिला उचकी लागली.

या देशात चित्राला प्रतिसाद मिळत नाही असं म्हणतात. मला मिळाला.

५ जानेवारी १९९७

व्हिजिटिंग कार्डं छापून आली. पुस्तक निघेल तेव्हा पुण्या-मुंबईचे प्रकाशक पत्ता मागतील, तेव्हा धावपळ नको. मजकूर दिला होता : सुकदेव बोरसे, ए.टी.डी., जलरंग चित्रकार. छापून आलं : जलतरंग चित्रकार. छापखानेवाला म्हणतो, 'त' एकच जास्त आहे, बाकी सगळं बरोबर आहे ना?

वाटायला सुरुवात केली आहे. सुज्ञ माणूस समजून घेईल.

९ जानेवारी

उधन्याच्या एका भजनी मंडळाचा माणूस आला होता. वाट्या माझ्या मी आणणार की त्यांनी आणायच्या, असं विचारत होता.

१४ जानेवारी, उत्तरायण

लिहायची इच्छा नाही.

तीन पानं रंगवून काल गच्चीवर वाळत टाकली होती. चांगली झाली होती. म्हणजे रिक्षा तर निश्चित चांगली झाली होती. शेजाऱ्यांनी वर बांधलेल्या दोरीवर गुलाबी मांजा सुकायला घातला. रात्रभर ठिबकत राहिला. सकाळी बघतो तर म्हशीला गोवर.

आणि मग पतंगवाले आले. चार घरांची माणसं, टेपरेकॉर्डर, उंधियूचं पातेलं. "काप्यो छे!" म्हणून जो तो मागे मागे सरकत होता. रिक्षावर एका इसमाच्या चपलेचा ठसा स्पष्ट उमटला आहे. नंबरही वाचता येतो.

ज्या गावाला आकाशात कागद उडवण्यापलीकडे कागदाचा उपयोग माहीत नाही, तिथे मी राहतो.

गुलाबी ठिपके मात्र ठेवणार आहे. संध्याकाळचा प्रकाश.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर सरलाबाईंनी बोलावलं. पोरांना एक-दोन चित्रं दाखवू म्हणाल्या. माझ्या मते ते घातक आहे. स्वयंपाक चालू असताना पाहुण्यांना कढईत डोकावू देत नाहीत. पण गेलो.

मुख्य चित्र उचलून धरलं. सगळा वर्ग गप्प. मला वाटलं, जिंकलं. बाईंनी विचारलं, "काय दिसतंय?" पहिल्या बाकावरचा एक म्हणाला, "खड्डा."

दुसरी म्हणाली, नाही, विहीर. मग सगळ्यांचं ठरलं की खड्डाच, गोष्टीत आहे ना तो. मग एक जण रडकुंडीला येऊन विचारायला लागला, म्हैस पडली का मग त्यात?

पोरांचं चुकत नाही. रोज टीव्ही बघून डोळे गेलेत.

बाई बाहेरपर्यंत आल्या. म्हणाल्या, "सुकदेवभाऊ, डिसेंबरात तुम्ही दाखवलेल्या त्या पेन्सिलच्या कागदांवर पोलिसाचं पोट बघून मी एकटीच हसले होते. ते हसू रंगाखाली कुठे गेलं?" मी म्हटलं, बाई, पेन्सिल म्हणजे पाया आहे. इमारत झाल्यावर पाया दिसत नाही. त्या म्हणाल्या, "हं."

बहुतेक पटलं त्यांना.

सुधारित संकल्प : फेब्रुवारीअखेर. पण आता अर्धवट मनाने नाही.

३ फेब्रुवारी

शेठकडे बिनपगारी रजा मागितली, तीन महिने. कारण लिहिलं 'कलाविषयक'. वाटलं होतं वाद घालेल, सीझन आहे, डिझायनर कुठून आणू म्हणेल. शेठने लगेच सही केली. हात जोडून म्हणाला, "शांतीथी करो, बोरसेभाई. कंई उतावळ नथी."

धंद्यातला माणूस, पण घाई नाही म्हणतो, आतून कलेची कदर आहे. मागून चेतन माझ्या टेबलाची लांबी-रुंदी मोजत होता. आठवण म्हणून ठेवणार असतील.

ताराला रात्री सांगितलं. सकाळी तिने व्यापाऱ्याच्या माणसाकडून दुप्पट गठ्ठे घेतले. तिलाही कामाचा उत्साह आलेला दिसतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

आमची एकच खोली आणि मागे स्वयंपाकाची पडवी. खोलीत एकच पंखा. ताराला टिकल्यांचा गोंद वाळवायला पंखा हवा असतो. मला पंखा चालत नाही, वॉश असमान वाळतो. मी पंखा बंद करतो, ती चालू करते. हर्षदा कोपऱ्यात बसून पंखा किती वेळा बंद-चालू झाला ते मोजते.

एका घरात कला आणि उद्योग नांदत नाहीत.

१९ फेब्रुवारी

जे झालं त्यात माझी चूक किती आणि जागेची किती, हे नीट बघायला हवं.

पाचवं पान. मोठा वॉश द्यायचा म्हणून काळा रंग बादलीत कालवला होता. त्या जलरंगाच्या पुस्तकवाल्याचं ऐकून आज निळाही घातला होता, तपकिरीही. पहिल्यांदाच रंग बरा दिसत होता. मागे सरकून बघायला गेलो आणि टाच बादलीला लागली.

साड्यांचा गठ्ठा उघडा होता. मोतिया रंगाच्या जॉर्जेट, लग्नाच्या ऑर्डरच्या.

तारा पडवीतून धावत आली. "मन्ह्या साड्या!" एवढंच ओरडली आणि खाली बसून साड्या एकेक करून उचलायला लागली. रडली नाही. मला रागवेल म्हणून मी तयार होतो, उत्तरही तयार होतं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. हर्षदाला म्हणाली, "जाय, बाहेर खेळ."

जलरंग धुतल्यावर जायला हवा. या ट्यूबमधला गेला नाही. कंपनीला कडक पत्र लिहिणार आहे.

२० फेब्रुवारी

डाग वाळून निळसर काळे पडले आहेत. खरं सांगायचं तर असा वॉश मला कागदावर एकदाही जमलेला नाही.

तारा जेवली नाही.

२२ फेब्रुवारी

मिलमधून कापडाचे रंग आणले. वॉचमनने आत सोडलं, अजून ओळख ठेवतो. दोन रात्री आणि एक अख्खा दिवस बसलो. प्रत्येक डाग हा कैरीच्या बुट्ट्याचं पोट धरला आणि भोवती वेल फिरवली. डाग जिथे जसा पडला होता तिथे तशी कैरी, लहान-मोठी. रेघ थांबवावी लागली नाही कुठे. शेवटच्या साडीवर डाग नव्हता तरी सेट जुळावा म्हणून काढली.

यात कला नाही. पाट्या टाकल्या.

२४ फेब्रुवारी

तारा साड्या घेऊन मार्केटला गेली होती. मी घरी बसून, व्यापारी काय काय बोलेल आणि त्यावर मी काय काय ऐकवीन, ते ठरवत होतो. ती दुपारी परत आली. व्यापाऱ्याला साड्या आवडल्या. हा हात कोणाचा, म्हणून विचारलं. आणखी पाठवतो म्हणाला, हाताने कैरी काढून हवी.

मी स्पष्ट नकार दिला. साडीतून बाहेर पडायला मी रजा घेतली आहे, साडीत शिरायला नाही.

तारा म्हणाली, "तुम्हले जे येस ते करानं नही. जे येत नही तेन्ह्या मांगे पळतस." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

वाक्य वरवर बरं आहे. आत विचार नाही.

२ मार्च

नवीन संकल्प करत नाही. संकल्पामुळे दडपण येतं आणि दडपणामुळे वॉश फाटतो.

२४ मार्च, धुळेटी

सगळी सुरत आज जलरंगात काम करते आहे. दर्जा यथातथाच.

दार लावून बसलो होतो. हर्षदाने खिडकीतून पिचकारी मारली. सातवं पान गेलं. तशीही फार आशा नव्हती.

१३ एप्रिल, रविवार

सरलाबाई आल्या. मी सगळी रंगीत चित्रं भिंतीला टेकवून मांडली. बारापैकी सात-आठ पूर्ण म्हणता येतील. बाई चष्मा लावून एकेक बघत गेल्या. गोवरवाल्या म्हशीपुढे बराच वेळ थांबल्या. मग विचारलं, "ते पेन्सिलचे कागद आहेत का हो अजून?"

ताराने पेटीतून काढून दिले. मला वाटलं होतं, ते फेकले गेले. तिने का ठेवले होते देव जाणे.

बाई ते घेऊन दाराशी उजेडात बसल्या. पोलिसापाशी हसल्या, रसवाल्यापाशी हसल्या. शेवटच्या पानावर म्हैस उठून उभी राहते आणि पोरं वाकून भोक बघतात, तिथे चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "सुकदेवभाऊ, हे मी घेऊन जाते. रंगांचं आपण मुलांवर सोडू."

बाईंचा हा मोठेपणा. माझ्या रंगांचा निवाडा टीकाकारांवर नाही, थेट मुलांवर सोडायचा! मी म्हटलं, अगदी माझ्या मनातलं बोललात. त्या म्हणाल्या, "तुम्हाला चालेल ना नक्की? मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल." मी म्हटलं, खऱ्या चित्रकाराला मुलांची भीती नसते.

ट्रेसिंगं नेली. मजकूर कुठे बसवायचा, ते मोजायला लागत असतील. रंगीत पानं मागे ठेवली, प्रेसमध्ये शेवटी देतात, खराब होऊ नयेत म्हणून.

तारा माझ्याकडे काहीतरी बोलायचंय अशा नजरेने बघत होती.

२१ एप्रिल

रजा संपायला आली म्हणून मिलमध्ये चक्कर टाकली. माझ्या टेबलाच्या जागी दुसरा कॉम्प्युटर आहे. त्याला एसी लावलाय. मला वीस वर्षांत टेबलफॅन मिळाला नाही.

चेतनने चहा मागवला. म्हणाला, "काका, तुम्ही या लवकर. कलर मशीन भरतं, पण लाइन मशीनला येत नाही. माझीही बघा, वेल काढली तर वायरिंग दिसते. लाइन तुम्ही काढा, कलर मी भरतो."

म्हणजे मी त्याच्यासाठी रेघा ओढायच्या! नम्रपणे सांगितलं की एक मेला शाळेत पुस्तक निघालं की माझी परिस्थिती बदललेली असेल. कार्ड दिलं, पुस्तकाच्या समारंभाचं आमंत्रणही दिलं. शेठलाही दिलं. चेतन कार्ड वाचून म्हणाला, "काका, तुम्ही वाजवतासुद्धा?"

२९ एप्रिल

भाषण तयार झालं. विषय : 'बालमन आणि जलरंगाची पारदर्शकता'. ताराला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर ती झोपली होती. मुद्दे पोचले असावेत.

रंगीत पानं अजून प्रेसने मागवली नाहीत. आजकाल छपाई फार वेगात होते म्हणतात.

१ मे, गुरुवार

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. महाराष्ट्राचा दिवस आणि गुजरातचाही, म्हणून दोन्ही गाणी झाली. शेठ आले नाहीत. चेतन आला, आईला घेऊन. मिलमधले दोघे-तिघे आले. मी पहिल्या रांगेत, खिशात भाषण.

सरलाबाई बोलल्या, थोडंच. म्हणाल्या, शाळा पुढे किती वर्षं राहील ठाऊक नाही, पुस्तक राहील. मग पोरांना पुस्तकं वाटली. एक माझ्याही हातात आलं.

उघडलं.

पांढरं. बाराही पानं पांढरी, आणि त्यावर माझं पेन्सिलचं काम काळ्या शाईत छापलेलं. रंगाचा ठिपका नाही. मला वाटलं, माझी प्रत चुकीची आली. शेजारच्याची बघितली. तीही तशीच. मग मुखपृष्ठ बघितलं.

म्हैस उठेना
गोष्ट : सरला अहिरे
रेघा : सुकदेव बोरसे
रंग : ........................ (इथे तुझं नाव लिही)

बाईंनी तेवढ्यात माइकवरून सांगितलं की रंग मुलांवर सोडायची कल्पना बोरसेभाऊंना इतकी आवडली की ते म्हणाले, अगदी माझ्या मनातलं बोललात. टाळ्या. मला उठून उभं राहावं लागलं. चेतन सगळ्यात जोरात वाजवत होता. त्याची आई शेजारणीला सांगत होती, हेच ते वाजवणारे.

भाषण करा म्हणाले. खिशाला हात लावला. म्हटलं, घसा बसलाय.

बाईंनी रंगीत खडूंचे डबे उघडले. सगळी पोरं मांडवात पालथी पडली आणि रंगवायला लागली. कोणाला काही सांगावं लागलं नाही. हिरव्या म्हशी, जांभळ्या म्हशी, एकाची पट्ट्यापट्ट्यांची. पोलिसाच्या पोटापाशी एकेक पोर थबकायचं, हसायचं आणि शेजारच्याला दाखवायचं. मी खांबाला टेकून बघत होतो. दर वेळी त्याच जागी हसायचे. मला ती जागा ठाऊकच नव्हती.

बाई माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "रागावलात?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला कळलंय." मी म्हटलं, कळलंच होतं.

ही रोजनिशी आहे म्हणून लिहितो, कळलं नव्हतं. ताराला मात्र कळलं होतं. ती मांडवाच्या कडेला बायकांत बसली होती. माझ्याकडे बघून तिने नुसती मान हलवली, की बसा आता खाली.

बसलो. हर्षदा पालथी पडून रंगवत होती. तिला मराठी वाचता येत नाही असं मी धरून चाललो होतो. ती बोट ठेवून वाचत होती, "म्है... स... उ... ठे... ना." मग मला म्हणाली, पुढचं सांगू नका, मी वाचते. निम्मं अडखळत, निम्मं चित्र बघून अंदाजाने, शेवटच्या पानापर्यंत गेली. म्हशीच्या खाली भोक निघालं तेव्हा तिने माझा हात धरला.

मग मुखपृष्ठावर आली. ठिपक्यांवर नाव लिहायला लागली. पहिलं अक्षर गुजराती काढलं, मग बाईंकडे बघितलं, खोडलं, आणि मराठीत लिहिलं. हर्षदा. अक्षरं बरोबर होती, पण सगळी सुटी सुटी, उघडी. गुजरातीत डोक्यावर रेघ नसते, तिला ती ठाऊकच नाही. शेजारच्या पोरीच्या पुस्तकात डोकावून ती म्हणाली, "पप्पा, हिच्या नावावर छत आहे. मला पण काढून द्या."

खडू घेतला. ओढली. एका दमात आली, सरळ.

तिने पुस्तक लगेच ओढून घेतलं आणि म्हणाली, "हवे खसो ने, पप्पा, अजवाळुं नथी आवतुं."

उजेड माझ्यामुळेच अडत होता. सरकलो.